न बघता पुकारलेला पिवळा

नाना म्हणजे माझे वडील. जन्म साक्रीकडच्या खेड्यातला, नोकरी भुसावळला, रेल्वेत ड्रायव्हर. आता माझ्याकडे जळगावला, मेहरूणमध्ये राहतात. इंजिनात एक शिस्त असते: सिग्नल दिसला की सहायकाने हात करून मोठ्याने रंग पुकारायचा, आणि ड्रायव्हरने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच परत पुकारायचा. नानांची ती सवय घरीही सुटली नाही. चहा आला की आधी "चहा!" म्हणून पुकारणार, मग कप उचलणार.

त्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, थेंब आणि तपासणी चुकवू नका. पण नानांचं एकच पालुपद, "माले बठ्ठं दिखस." सगळं दिसतं म्हणे! डोक्यात जायचं माझ्या.

मग त्यांची नजर तपासायला मीच युक्ती काढली. उन्हाळ्यात लवकर जेवून आम्ही गच्चीवर जायचो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती सापडते, नारिंगी, ठसठशीत.

"ही आता म्हातारी झालीय, नाना. उतारवयात तारे असे फुगतात, नारिंगी होतात."

"म्हणजे माझ्याच बॅचची," नाना म्हणाले.

नारिंगी सिग्नल नसतो, म्हणून आम्ही तिला पिवळा ठरवलं. रोज मी बोट दाखवून "पिवळा!" पुकारायचे आणि नाना मान वर करून खणखणीत "पिवळा!" म्हणायचे. माझा जीव भांड्यात पडायचा. दिसतंय की चांगलं! त्या भरवशावर मी एक तपासणी पुढे ढकलली, मग दुसरीही.

मे संपत आला होता. एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, टोपलीत गोळा करत होते; नाना शेजारी बसले होते. खाली मान घालूनच सवयीने ओरडले, "पिवळा!"

"पिवळा!" नानांचं लगेच उत्तर.

मी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं, एक तारा नाही.

"नाना! कशाला खोटं बोलता हो?" मी भडकलेच. हातातला बिबडा मोडला.

नानांनी चाचपडत मोडलेला तुकडा उचलून टोपलीत टाकला. मग म्हणाले, "इंजिनात कधी न बघता पुकारलं नाही, बेटा. इथं रोज पुकारलं. तुझा आवाज किती हलका व्हायचा! आणि आज तू तरी कुठं बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठला. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं, ते गेलंच. उजव्यात थोडं उरलं होतं, ते सांभाळायचं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. त्यांनी मला फसवलं होतं, पण फसायला मीच तयार बसले होते.

त्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं. स्वाती जागेवर होती. मी नीट बघून पुकारलं, "पिवळा!"

नानांनी मान वर केली. खूप वेळ शोधलं.

"दिसत नाही," ते म्हणाले.

सिग्नल दिसत नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. मी बिबड्यांची टोपली खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.