‘जातो’ म्हणायचं नाही

आमच्या घरात ‘जातो’ म्हणायची सोय नाही. पिशवीभर दूध आणायला निघालात तरी ‘येतो’च म्हणायचं. चुकून कुणाच्या तोंडून ‘जातो’ गेलं, की सासूबाई असतील तिथून ओरडणार, "आरं जातो काय, जातो! मेल्यावर जात्यात. येतो म्हन!" सासूबाई म्हणजे कुशाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. नुसत्या ओरडून थांबत नाहीत. त्या माणसाला उंबऱ्यातून माघारी आत घेणार, पाटावर टेकवणार, तांब्यातलं घोटभर पाणी पाजणार आणि त्याच्याकडून ‘येतो’ वदवून घेऊन मगच सोडणार. एकदा गॅसवाल्याला बसवला होता. डोक्यावर उन्हं, बाहेर टेम्पो चालू, आणि हा बिचारा पाटावर मांडी घालून पाणी पितोय.

हसू नका. याच एका शब्दापायी माझा नवरा सात महिने ना घरचा ना घाटचा होऊन बसला होता.

आमचे हे वेल्डर. गोरक्ष येळवंडे नाव, पण गावात सगळे गोरख्याच म्हणतात. हाताला असला गुण, की ह्यांनी मारलेला टाका बघून लोखंड मुळात एकच होतं की काय असं वाटावं. नवरा आहे म्हणून सांगत नाही, भांडायच्या दिवशीसुद्धा मी हेच सांगेन. आमच्या निघोजे गावातून चाकणच्या कंपन्यांत बारा ठिकाणी राबले, पण सगळीकडे ठेकेदाराकडून. दर थोड्या महिन्यांनी नवा गेटपास, नवा सुपरवायझर आणि तीच हाक, "ए वेल्डर, इकडे ये."

मग पिंपरीत एका ठिकाणी परदेशी कंपनीची ट्रेड टेस्ट होती. ह्यांनी दोन लोखंडी पाट्या जोडल्या. तिकडून आलेल्या गोऱ्यांनी त्या मशीनमध्ये वाकवून पाहिल्या, जोड काही उकलला नाही. चार वर्षांचा व्हिसा मिळाला आणि हे ऑस्ट्रेलियाला पोचले. खाणीतल्या ट्रकांचे हौदे बनवायचं काम. फोरमनचं नाव डॅरल. त्याला ‘गोरक्ष’ म्हणता येईना, म्हणून त्यानं ह्यांचा ‘गॉर्डी’ केला. हेल्मेटवर तेच नाव रंगवून दिलं. हे फोनवर सांगताना असे खुलायचे, की मीच म्हणायचे, झालं, आता बारसं झालं म्हणजे माणूस हातचा गेला.

पण गेले नाहीत. तिसरं वर्ष सरत होतं तेव्हा आत्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी रडत फोन केला, तसे हे मिळेल त्या विमानानं आले. ऑपरेशन झालं. आत्या वॉकर धरून घरात फिरू लागल्या, नंतर अंगणात, नंतर शेजारणीशी भांडायला गेटपर्यंत. आई बरी झाली. मुलाचा जीव मात्र कुठेच लागेना.

म्हणजे कसं, ते सांगते. कपाटावर विमानाची चिठ्ठी तशीच लटकलेली बॅग. सोनलनं, आमच्या पोरीनं, ती खाली काढायला हात घातला की हे खेकसणार, "असू दे, लागेल." अंगणाच्या गेटची बिजागरी तुटलेली, आणि वेल्डरच्या घरचं गेट तारेनं बांधलेलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चाकणच्या कंपनीतून कुणी बोलावलं की "बघू". माझ्या भावानं राजगुरुनगरला काम आणलं, तेही "बघू". दिवसातून तीनदा मोटरसायकल काढायची, तळेगाव रस्त्याला एक फेरी मारायची, परत यायचं, चहा मागायचा आणि अर्धा टाकून पुन्हा उठायचं. आणि दारातून निघताना एक शब्द नाही. ‘येतो’ नाही, काही नाही. आत्या खाटेवरून म्हणायच्या, "चोरावानी काय निगतोस रं?" तरी मुकाट बूट चढवायचे. त्यांची ती घालमेल बघून माझंच डोकं फिरायचं. मी कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनला उभी राहून शिफ्ट करणारी बाई, घरी आले की पुन्हा ह्यांच्या येरझाऱ्या मोजायच्या का?

"एक काय ते ठरवा," मी म्हणायचे. "जायचं तर जा, राहायचं तर राहा. हे असं स्टँडवर उभं राहिल्यासारखं माझ्या घरात राहू नका."

आणि ठरवायला निमित्तही होतं. गावातल्या कोंडाजीकाकांचा रस्त्याकडेचा गाळा रिकामा झाला होता. थ्री-फेज लाइट, टेम्पो आत येईल एवढी जागा. काका म्हणाले, "गोरख्या, दसऱ्यापत्तूर तुझ्यासाठी थांबतो. म्होरं न्हाई." आपलं स्वतःचं फॅब्रिकेशन! ना गेटपास, ना ठेकेदार. भांडवल नाही म्हणावं, तर तेही होतं, फक्त तिकडे अडकलेलं. तिकडे कंपनी पगारावर वेगळी रक्कम म्हातारपणासाठी भरते, आपल्या पीएफसारखी. त्याला सुपर म्हणतात. तिथल्या माणसाला ती म्हातारा होईपर्यंत सहसा मिळत नाही. पण ह्यांच्यासारखा थोड्या वर्षांसाठी आलेला कामगार देश सोडून गेला आणि त्याचा व्हिसा संपला किंवा रद्द झाला, की त्याला ती काढता येते. कर दणदणीत कापतात, पण उरतं ते आपलं.

मी टुमणं लावलं. रोज लावलं. शेवटी एका रविवारी हे लॅपटॉप घेऊन बसले. मी शेजारी भाजी निवडत होते. अर्ज भरला, पासपोर्टचा नंबर टाकला, आणि उत्तर आलं, तुमचा व्हिसा चालू आहे, पैसे देता येत नाहीत.

"अगं, मी इथं निघोज्यात बसलोय!" हे ओरडले. "सकाळी पाय शेणात गेला माझा! आणि ह्यांच्या हिशोबानं मी अजून गेलोच नाही?"

"काम सोडल्याचं कंपनीनं कळवलंच नसेल," मी म्हणाले. "लावा त्या डॅरलला फोन."

सोमवारी ह्यांनी फोन लावला. मी मुद्दाम स्पीकरवर ठेवायला लावला. माझं इंग्रजी बारावीचं, पण डोकं शाबूत आहे. पलीकडून तो गोरा असा ओरडला, की खाटेवर आत्या दचकल्या. "गॉर्डी! कधी येतोयस?" हे म्हणाले, कधी म्हणजे? तुम्ही माझं काम सोडल्याचं कळवलं नाही का? तो म्हणाला, का कळवू? तू सुट्टीवर आहेस. जाताना माझा हात हातात घेऊन तूच म्हणालास ना, ‘आय ॲम कमिंग’ म्हणून? मी तुझी जागा राखून ठेवलीय. बदलीचा माणूस घेतलाय, पण तुझ्या हेल्मेटला कुणाला हात लावू दिलेला नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवा! आईच्या आजारपणासाठी धावत सुटलेला माणूस, साता समुद्रापार, गोऱ्याच्या दारात उभा राहून त्याला ‘येतो’ म्हणाला होता. जातो म्हणायचं नाही, ही आत्यांची शिकवण. आणि त्या गोऱ्यानं ते खरंच मानलं!

मला हसू फुटणारच होतं, तेवढ्यात मी ह्यांचं तोंड पाहिलं. तोंडावर असा उजेड, की सात महिन्यांत तो मला एकदाही दिसला नव्हता. ना सोनलकडे बघताना, ना माझ्याकडे. आणि फोन ठेवता ठेवता हे काय म्हणाले असतील? "येस, येस डॅरल. आय ॲम कमिंग."

मग मी काय गप्प बसते? "परत तेच!" पुढ्यातली विळी बाजूला सारून मी उठले.

"सवयीनं निघालं गं तोंडातून."

"सवयीनं नाही, पोटातून निघालं. तुमचा पाय तिकडेच आहे. आम्ही आपल्या इथं धर्मशाळा उघडून बसलोय!"

तेव्हा पहिल्यांदा हे बोलले. "वर्षाली, तिथं नवीन पोरं भरती झाली की डॅरल त्यांना माझ्याकडे घेऊन यायचा. म्हणायचा, गॉर्डीचं काम बघा आणि मग हात लावा. इथल्या कंपन्यांत वीस वर्षं राबलो, मला नावानं हाक मारली का कुणी? ए वेल्डर, म्हणे. गोठ्यातल्या बैलाला तरी नाव असतं."

"आम्ही आहोत की," मी म्हणाले, आणि जीभच चावली. मी कुठल्या तोंडानं बोलत होते? लग्नातल्या उखाण्यानंतर मी ह्यांचं नाव कधी घेतलंय! अहो, ऐकलं का, सोनलचे पप्पा, याच्यापुढे माझी गाडी गेली नाही.

खाटेवरून आत्यांचा आवाज आला. "गोरख, हिकडं ये." हे जाऊन पायथ्याशी बसले. आत्या म्हणाल्या, "माज्यासाठी आलास. मी आता चालती. तुजा जीव तिकडं आसंल तर जा."

आम्ही दोघं बघतच राहिलो. ज्या बाईनं गॅसवाल्याला हा शब्द उच्चारू दिला नाही, ती पोटच्या पोराला म्हणत होती, जा.

"आई, तू ‘जा’ म्हणतेस?"

"व्हय, म्हनते. पर एका तोंडानं दोन दारात येतो म्हनू नगंस. त्यो गोरा तिकडं वाट बघतुया, ही हितं झुरती. दोगांलाबी झुलवतुयास. एका दारात येतो म्हनायचं, तर दुसऱ्या दारात जातो म्हनावंच लागतं, बाबा. हिला इचार, म्हायेर सोडून आलीया ती."

ह्यांनी दोन दिवस मोटरसायकलसुद्धा काढली नाही. मीही टुमणं बंद केलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. पैसे राहू देत, गाळा राहू दे, हे बॅग उतरवून चालायला लागले तर मी काय करणार होते? जा म्हणून तर मीच शंभरदा म्हणून बसले होते.

तिसऱ्या दिवशी माझी दुसरी शिफ्ट होती. मी ओट्यापाशी डबा भरत होते आणि हे अंगणात गेटला टेकून फोनवर बोलत होते. खिडकीतून ह्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "डॅरल, आय टोल्ड राँग. इन माय लँग्वेज, व्हेन वी गो, वी से कमिंग." पलीकडे त्याला काही उमजलं नसावं. ह्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. "नो, डॅरल. आय ॲम नॉट कमिंग. आय गो. फिनिश." मग त्यानं हेल्मेटचं विचारलं असावं, कारण हे म्हणाले, "गिव्ह टू न्यू बॉय. रब द नेम."

फोन खिशात टाकून हे नळावर गेले आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिले. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि माझे डोळे भरून आले. आमच्या अंगणात गॉर्डी गेला होता. सगळ्या जगात त्याची किंमत एका डॅरलला कळली होती, आणि त्याला निरोप ह्यांनी एकट्यानं, तारेनं बांधलेल्या गेटापाशी दिला. व्हिसा रद्द करा म्हणून ह्यांनीच लिहून दिलं, नंतर अर्ज लागला, पैसेही आले, ते सगळं पुढे रीतसर झालं. पण व्हायचं ते त्याच दुपारी होऊन गेलं होतं.

आत्या वॉकर ठोकत ओटीवर आल्या. "वर्षे, गो म्हंजी जातोच ना गं?"

"हो आत्या."

"मंग पाट मांड."

मी पाट मांडला. चाळिशी गाठलेला माझा नवरा ओल्या तोंडानं आत आला आणि न सांगता त्यावर बसला. आत्यांनी स्वतः तांब्या दिला. ह्यांनी सगळं पाणी संपवलं, घोटभर नाही, तांब्याच्या तांब्या. मग उठले, बूट घातले आणि दारात थांबले.

"कोंडाजीकाकांकडे जाऊन गाळ्याची किल्ली घेतो," हे म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "येतो."

"ये," आत्या म्हणाल्या.

मी डब्याचं झाकण लावत होते. माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवून म्हटलेलं नव्हतं. "या, गोरक्ष," मी म्हणाले.

हे उंबऱ्यातच थबकले, कान लाल झाले, आणि बाहेर जाऊन गाडीला किक मारायच्या आधी ह्यांनी गेटची तार सोडून फेकून दिली.