पाचव्या सेकंदाला गादी

आमचे हे रेडिओवर गाणी लावतात असं सांगितलं की समोरचा खूश होतो. कुठली गाणी ते सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो. जॅझ, सोल, रेगे आणि ज्या देशांची नावं घेताना माझी जीभ अडखळते तिथलं काहीबाही. शनिवारी दुपारी दोन ते चार, गेली अठरा वर्षं.

त्याआधी हे बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. खलाशी जाताना नको असलेलं सामान टाकून जात, त्यात रेकॉर्डी असायच्या. यांनी त्या घरी आणल्या, माझं कापडांचं कपाट बळकावलं आणि मला घरबसल्या सवत मिळाली. मी कपडे शिवते. रेगे लागलं की हातपाय लयीत चालतात, जॅझ लागलं की शिवण वाकडी जाते. तरी एकाही शनिवारी मी रेडिओ बंद ठेवला नाही.

यांचा एकच हट्ट, गाण्यावर बोलायचं नाही. बाकीचे निवेदक गाणं संपायच्या आत तोंड घालतात. हे शेवटचा सूर विरेपर्यंत गप्प. पण चार वर्षांपूर्वी एकदा रेकॉर्ड लावून हे चहा आणायला गेले आणि ट्रम्पेटवरून कुणाशी तरी वाद घालत बसले. रेकॉर्ड संपली, स्टेशन अकरा मिनिटं मुकं. स्टेशनच्या साहेबांनी तडक एक यंत्र बसवलं. पाच सेकंद शांतता झाली की ते आपणहून गादीची जाहिरात लावतं.

यांचा जीव की प्राण असलेल्या एका रेकॉर्डवर सॅक्सोफोनवाला मधेच थांबतो. सात सेकंद काही नाही. मग पुन्हा वाजवायला लागतो. "अगं, गाणं तिथेच तर आहे," हे म्हणतात. यंत्राला ते पटत नाही. तीनदा लावून पाहिलं, तिन्ही वेळा मधे एक बाई ओरडली, "पाठ दुखतेय? गादी बदला!"

साहेब म्हणाले, "काका, लोकांना वाटतं रेडिओ बिघडला." इंजिनियर म्हणाला, पासवर्ड मुख्य कचेरीत आहे. मुख्य कचेरी म्हणाली, अर्ज साहेबांमार्फत पाठवा. चार वर्षं हेच दळण. स्टेशनात यांचं नावच 'सात सेकंद' पडलं. माझं डोकं फिरायचं.

"अहो, दुसरं काहीतरी लावा."

"लावतोच की. पण हे एकदा अख्खं गेलं पाहिजे."

गेल्या महिन्यात कार्यक्रम बंद होत असल्याचं पत्र आलं. शेवटच्या दिवशी तरी यंत्र बंद ठेवा म्हणून सांगायला हे गेले आणि हात हलवत परत आले. त्या आठवड्यात यांना खोकला झाला. बारीक, कोरडा, रेकॉर्डींच्या खोलीतून सारखा ऐकू यायचा. मी दोन वेळा औषध पाजलं. चमचा पाहून पळणारा माणूस निमूट प्यायला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शेवटच्या शनिवारी पावणेचारला तीच रेकॉर्ड लागली. मी शिलाई मशीनवरचा पाय काढला. सॅक्सोफोन थांबला. एक, दोन, तीन, चार. आणि रेडिओतून हळूच एक खोकला आला.

गादी आली नाही. यंत्राला आवाज हवा होता, तो यांनी माईक उघडून दिला. आठवडाभर खोकला कसला, सराव चालला होता. सॅक्सोफोन परत आला, शेवटपर्यंत वाजला. मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"जिंकलात की," मी म्हटलं. "गादीवाली गप्प बसली."

"अठरा वर्षांत गाण्यावर चकार शब्द काढला नव्हता. शेवटी मीच खोकलो."

"पण सात सेकंद पूर्ण मिळाले ना?"

"कुठे मिळाले? आधी चार मिळाले, मग तीन मिळाले."