नथ्थूआप्पाचं मिल्ट्रीचं मशीन

आमचा नथ्थूआप्पा थापा मारत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला मी तापीत ढकलीन. बासष्ट वर्षांचा माणूस, तीन एकर ऊस, आणि आपण विचारायच्या आत उत्तर तयार. ते खरं असेलच असं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नदीकाठी परग्रहावरच्या लढाईचं शूटिंग झालं. त्यातले सैनिक हातात एक जाडजूड यंत्र धरून चालायचे. आसपास काही हललं की त्यात हिरवा दिवा आणि टुक टुक आवाज. शूटिंगवाले गेले आणि एक यंत्र आप्पाच्या केळीत विसरले. आत दोन सेल, मुठीखाली बटण. दाबलं की टुक टुक, सोडलं की गप्प, बाकी नुसतं प्लास्टिक. हे आप्पाला, त्याची बायको शांतीबाईला आणि शेजारी म्हणून मला ठाऊक.

मग उसाच्या तोडीची पाळी आली आणि नेमके त्याच दिवशी बांधावर बिबट्याचे ठसे! ऊसतोडीची टोळी धडगावकडची. मुकादम जामसिंगने सकाळीच वाघदेवाला नारळ फोडला होता, तरी माणसं कोयते खाली ठेवून बसली. कारखान्याची गाडी उभी. आज तोड झाली नाही तर गाडी दुसऱ्या गावाला जाणार आणि आप्पाचा ऊस शेतातच वाळणार. आप्पा रडकुंडीला आला. मग एकदम उठला आणि घरातून ते यंत्र घेऊन आला.

"हाई मिल्ट्रीनं मशीन शे," तो म्हणाला. "बिबट्या हालना का वरडस. मी पुढे चालस, तुम्ही मांगे या."

मिल्ट्रीचं म्हणे! हसू दाबताना माझं पोट दुखलं. पण आप्पा खरंच उसात शिरला. मशीन गप्प, म्हणून मागे कोयते सुरू. दुपारपर्यंत अर्धा ऊस आडवा झाला.

आणि मग ती आली. मादी बिबट, तोंडात पिल्लू, आप्पापासून चार हातांवर. आप्पाचा अंगठा बटणावरच होता, पण भीतीने तो हलेचना. ना टुक, ना टाक. तिने आप्पाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बांध ओलांडून केळीत गेली. सगळ्या टोळीने पाहिलं.

संपलं, म्हटलं, आता आप्पाची धडगत नाही. जामसिंग आला, त्याने यंत्र दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. सकाळी नारळ दिलेला, म्हणजे ती आपल्याला काही करणारच नव्हती, आणि मशीनला हे कळलं, म्हणून ते उगाच ओरडलं नाही, असं त्याने सगळ्यांना समजावलं.

आप्पा घाबरून चक्क खरं बोलला. "अरे भो, पलास्टिक शे ते! बटन मीच दाबस!"

"एवढा मोठा माणूस, पण गर्व नाही," जामसिंग म्हणाला. संध्याकाळी गाडी भरून गेली.

तेव्हापासून आप्पा पुढे चालल्याशिवाय एकही टोळी उसात पाय ठेवत नाही. लोक नारळ घेऊन दारात येतात. नाही म्हणायला तो तोंड उघडतो, पण समोरच्याचा रडवेला चेहरा पाहिला की पायात चप्पल घालतो. हसायचो मी. आता जीव तुटतो.

काल सकाळी तो यंत्रात नवे सेल घालत होता. शांतीबाईने त्याच्या खांद्यावर टॉवेल ठेवला. हात तिथेच राहिला.

"लोकेसले मशीन सांगस," ती म्हणाली. "मशीनले तू सांगस. आन तुले कोन सांगी?"

आप्पाने सेलचं झाकण लावलं. बाहेर खापर गावची माणसं त्याला न्यायला मोटरसायकल चालू ठेवून थांबली होती.