चिगरीच्या बरगड्या

नीलव्वा अंगानं भरलेली आणि तिची शिकारी कुत्री जातीनंच काटकुळी, हे आमच्या मुधोळकडच्या माणसाला कधी खटकलं नाही. कुत्र्यांच्या वारसा केंद्रात ती त्यांचं जेवण रांधते, मी झाडलोट करते. गेल्या उन्हाळ्यात मात्र सुट्टीत केंद्र बघायला आलेली बंगळूरची एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "कुत्र्यांचं खाणं कुठं जातं ते दिसतंच आहे." नीलव्वा हसली, पण त्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही. असली माणसं घटकाभर येतात आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर लावून जातात.

यंदा उन्हाळी पाहुण्यांच्या हंगामाची तयारी सुरू झाली. छपरांवर उसाचं पाचट चढलं, भिंतींना चुना लागला, मी जाळ्यांना ओली पोती बांधली. नीलव्वा ताकात मक्याचं पीठ शिजवायची आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्यात लोणी सोडायची. सगळ्यांत मोठा गोळा चिगरीला. चिगरी म्हणजे कानडीत हरीण. या नावाची ही कुत्री नीलव्वाचा जीव की प्राण. हळूहळू चिगरी चांगलीच गरगरीत दिसायला लागली.

मी म्हटलं, "अक्का, लक्कप्पामामा आल्यावर काय सांगशील?"

"सांगीन, माहेरी आलीय, अंग धरलंय."

लक्कप्पा मेंढपाळ. चिगरी त्याच्याच मेंढरांमागच्या कुत्रीची, त्यानंच केंद्राला दिलेली. आमच्या गावात चांगलं पिल्लू विकत नाहीत, देतात. पण ते नीट सांभाळलं नाही असं वाटलं, तर देणारा परत नेतो. त्याला कुणी अडवत नाही, केंद्राचे साहेबसुद्धा. दर वर्षी लोक यायच्या आधी लक्कप्पा येऊन कुत्र्यांवर हात फिरवून जातो.

तसा तो आला. चिगरीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत त्यानं तळवा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"बरगड्या कुठं ठेवल्यास गं हिच्या?"

माहेराचं उत्तर राहिलं बाजूला, नीलव्वा खरं तेच बोलली. "लोक म्हणतात, मी हिला उपाशी मारते आणि मीच खाते."

"लोकांना पळायचंय का सशामागं?"

"मामा, राहू दे की. उद्यापासून लोणी बंद. हिच्याशिवाय मला करमायचं नाही."

"या कुंपणात नाही झडायची ही चरबी. मेंढरांमागं फिरू दे जरा."

त्यानं हात पुढं केला. नीलव्वानं स्वतःच दोरी त्याच्या हातात दिली. मला म्हाताऱ्याचा असा राग आला की मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

बांध ओलांडल्यावर त्यानं दोरी सोडली. ज्वारी काढलेलं मोकळं रान पुढं पसरलं होतं. चिगरी थोडी चालली, थबकली आणि सुटली. इथं ती या जाळीपासून त्या जाळीपर्यंतच धावायची. तिकडं बघता बघता तिचा नुसता ठिपका झाला, तरी ती थांबेना. नीलव्वा उंबऱ्यावर चढून बघत होती.

"ही एवढी पळते?" ती म्हणाली.

बांधावरून लक्कप्पानं हाक दिली, "ए नीलव्वा, परवा आणून सोडू का? तुझं तोंड बघवत नाही."

आता ही हो म्हणणार, असं मला वाटलं.

"नको," ती ओरडून म्हणाली, "तिकडंच राहू दे तिला."

मग ती तिथंच खाली बसून रडली. मी तिच्याजवळ बसले.