एर्सिलियाचा हातगुण

अझुआ गावाच्या बसथांब्यामागच्या गल्लीत लेकराचं जावळ काढायचं ते एर्सिलियाच्याच हातून, हे ठरलेलं. चंद्र वाढता पाहिजे आणि कात्री एर्सिलियाची पाहिजे, मग केस असे दाट येतात की कंगव्याचे दात पडतात, असं बायका सांगायच्या. आता केस काय, आईबापाचे असतील तसेच येणार. पण हातगुण म्हणून काही असतो, यावर त्या गल्लीत कोणी वाद घालत नाही. एकीच्या हातचं रोप जगतं, एकीच्या हातचा केक फुगतो, आणि एखादी बाई दारातून नुसती डोकावली तरी फेटलेल्या अंड्याचा फेस बसतो. एर्सिलियाचा हात चांगला. तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. एक खुर्ची, केस वाळवायची दोन यंत्रं, त्यातलं एक कायमचं बंद, आणि वर पत्रा.

जुगाराचा नाद तिला नव्हता. एका दुपारी गिऱ्हाईक यंत्राखाली बसलेलं, हातात दुसरं काम नाही, म्हणून लेकीने फोनवर घालून दिलेला ‘सोनेरी नारळ’ नावाचा खेळ ती दाबत बसली होती. तीन नारळ एका ओळीत आले आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. पंचवीस लाख पेसो. एर्सिलियाला वाटलं फोन बिघडला. या गोंधळात यंत्राखालचीचे केस करपले, आणि ती बाई ते अजून ऐकवते.

पैसा आला तसा गेलाही. सासूचं ऑपरेशन झालं, भावाचं जुनं लचांड मिटलं, आणि उरलेल्यात पत्रा काढून स्लॅब टाकायचं काम निघालं. खांब उभे राहिले, वर लोखंडी सळया निघाल्या आणि पैसे संपले. नेमका तेव्हा राजधानीहून त्या नारळाच्या खेळाच्या कंपनीचा माणूस आला. रुबिएरा नाव. पातळ तळव्यांचे बूट घालून आमच्या गल्लीत येणारा माणूस एक तर पाद्री असतो, नाही तर काहीतरी गळ्यात मारायला आलेला असतो. हा पाद्री नव्हता.

“दोन्या एर्सिलिया, तुम्ही आमच्या ब्रँड अँबॅसिडर व्हायचं,” तो म्हणाला.

“म्हणजे काय करायचं?”

“हसायचं. आणि दर गुरुवारी कॅमेऱ्यासमोर खेळायचं.”

“आणि हरले तर? माझी शोभा होईल.”

“तुम्ही हरणार नाही.” त्याने खिशातून नवा कोरा फोन काढला. “हा कंपनीचा फोन. यातले पैसे खात्यातून बाहेर येत नाहीत, नुसते दिसतात. नारळ मात्र दर वेळी जुळतात.”

“हे खोटं नाही का?”

“खोटं बोलायला कोण सांगतंय? फक्त कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि विचारलं तरी सांगायचं नाही. करारात तसंच लिहिलंय.”

एर्सिलियाने विचार केला, साबणाच्या जाहिरातीतली बाई काय खरंच घरी जाऊन धुणं धुते? महिन्याच्या पैशात स्लॅब पुरा झाला असता. आणि खरं सांगायचं तर तिला आवडलंही होतं. आजवर तिला कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंच नव्हतं, आणि वरून गल्ली बरी दिसत होती. थांब्यावर तिचं पोस्टर लागलं. त्यात तिचा पंजा तिच्या तोंडापेक्षा मोठा छापला होता. खेळणारे लोक त्या पंजाला हात लावून मग फोन काढायचे. महिनाभरात कागदावरचा तळवा तेलकट काळा पडला.

थांब्याच्या तोंडाशीच नुरीसची गाडी होती. ती तिथे यानीकेके तळायची, म्हणजे ताटाएवढ्या कुरकुरीत पुऱ्या, आणि सोबत सालामी नावाच्या मसालेदार मांसाच्या वळकटीचे काप. नुरीस आणि एर्सिलिया एकमेकींच्या कोमाद्रे. बाप्तिस्म्याला एकीचं लेकरू दुसरीने हातावर धरलेलं. हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा जड, कारण बहीण काही आपण निवडत नाही. नुरीसची जीभ तिच्या कढईपेक्षा तापलेली, पण एर्सिलियाच्या हातावर तिचा देवाइतका भरवसा. तिच्या तिन्ही पोरांची जावळं त्याच हाताने निघालेली. त्यामुळे गुरुवारी एर्सिलिया कॅमेऱ्यासमोर बसली की नुरीस गाडीवर स्वतःचा फोन घेऊन बसायची. तिने दाबलं की हिने दाबायचं.

नुरीस या खेळात हरत चाललीय, हे एर्सिलियाला कळलं ते बर्फावरून. नुरीस थांब्यावरच्या पोराकडून बर्फ विकत घेताना दिसली.

“फ्रीजर कुठंय गं तुझा?”

“दुरुस्तीला दिलाय.”

“कधीपासून?”

“तू चौकशी ऑफिस उघडलंस का, कोमाद्रे? केस काप.”

पुढच्याच आठवड्यात ती दुकानात आली, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, आणि स्वतःचा फोन पुढे धरला. “एकदा तुझ्या बोटाने दाब. लांबून धरलेला गुण मला लागत नाहीये.” गिऱ्हाइकं बघत होती. नाही म्हणावं तर हाताचं नाव जातं. एर्सिलियाने दाबलं, आणि मेले ते नारळ नेमके जुळले. फार नाही, एका आठवड्याच्या तेलापिठाचे पैसे. नुरीसने तिच्या बोटाचा मुका घेतला. एर्सिलियासुद्धा हसली. ती तेव्हा हरली असती तर बरं झालं असतं.

कारण मग नुरीस थांबेना. एका दुपारी केसांना रूळ गुंडाळून घेता घेता ती सहज म्हणाली, “गाडीची जागा विकतेय. फोनची कव्हरं विकणारा तो लिसार्दो आहे ना, तो शनिवारी पैसे आणतोय. गुरुवारी सगळे लावते, तू खेळशील तेव्हा.”

एर्सिलियाचा हात जागीच थांबला. ती जागा नुरीसच्या आईची. रस्ता मातीचा होता, बस दिवसातून एकदा यायची, तेव्हापासून ती बाई तिथे चूल मांडून बसलेली. ती जागा गेली तर नुरीसकडे फक्त कढई उरणार होती.

“नुरीस, ऐक. तो फोन कंपनीचा आहे. त्यात कोणीही जिंकतं. माझ्या हातात काही नाही.”

आरशात नुरीसने तिच्याकडे पाहिलं. “अस्सं. तुझ्या घरावर स्लॅब चढतोय तोवर हात होता. आता माझ्या गाडीपाशी आला तर काही नाही.”

“अगं, लेकीची शपथ.”

“शपथ नको घेऊस, तिचं वाईट होईल. गुण वाटून घ्यायचा नसेल तर सरळ सांग. पोटात दुखतंय म्हण.” आणि अर्ध्या डोक्याला रूळ, अर्धं मोकळं, अशी ती भर उन्हात निघून गेली.

खरं सांगितलं तर ते कंजूषपणात जमा झालं. एर्सिलिया दोन दिवस त्याच विचारात होती. सांगायचं तर सगळ्यांदेखत सांगावं लागणार, आणि मग करार गेला, पगार गेला, स्लॅबही गेला. शनिवारी तिने दारातून पाहिलं तर लिसार्दो गाडीच्या बाकावर बसून यानीकेके खात होता, मांडीवर पिशवी. तिने एकदा वर सळयांकडे पाहिलं, कंपनीचा फोन उचलला आणि रस्ता ओलांडला.

“माझं खरं वाटत नाही ना तुला? मग तुझाच हात लावून बघ. दाब.”

नुरीसने पिठाच्या बोटाने दाबलं. तीन नारळ. फोन वाजायला लागला.

“त्या दिवशी तुझं बोट माझ्या फोनला लागलं होतं,” नुरीस म्हणाली. “गुण उतरलाय.”

“बरं. लिसार्दो, तू दाब.”

लिसार्दोने दाबलं. तीन नारळ. तो म्हणाला, “मला हातगुण असता तर मी कव्हरं कशाला विकली असती?”

“तुझं नशीब आज जोरावर आहेच. माझी जागा मिळतेय तुला.”

आता या बाईपुढे काय करावं? बस लागलेली, उतारू भोवती जमलेले. एर्सिलियाने ताटलीतला सालामीचा एक कच्चा काप उचलला आणि त्या कापानेच फोन दाबला. क्षणभर काही झालं नाही. मग तीन नारळ फिरत फिरत ओळीत उभे राहिले, नाणी पडली, बिगूल वाजला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा बिगूल. उतारू पोट धरधरून हसले. एकाने त्या सालामीपुढे टोपी काढली, दुसऱ्याने सगळं आपल्या फोनवर टिपलं.

नुरीस हसली नाही. तिने तो काप एर्सिलियाच्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि तेलात सोडला.

“जा,” ती लिसार्दोला म्हणाली. “जागा विकायची नाहीये.” मग कढईकडेच बघत तिने विचारलं, “तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“माझा फ्रीजर गेला तेव्हाही? माझ्यासाठी दाबलंस तेव्हाही?”

“हो.”

“ठीक आहे, दोन्या एर्सिलिया.”

शिवी दिली असती तर बरं. दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि तसं म्हणायचं ते परक्या बाईला.

सालामीची ती गंमत संध्याकाळपर्यंत सगळ्या अझुआत पोचली. सोमवारी रुबिएरा आला, फोन घेऊन गेला, पोस्टर फाडून गेला. चेहरा निघाला, पण तो काळा पंजा डिंकाने चिकटून राहिला. पगार बंद झाला. एर्सिलियाने जुने पत्रे पुन्हा चढवले, त्यांच्यामधून सळया तशाच वर राहिल्या. जावळाची गिऱ्हाइकंही आटली. तिचा हात सालामीने बाटला म्हणे. या बायकांना काय म्हणावं, फोन खोटा निघाला तर त्यांनी कात्रीला शिक्षा केली. एर्सिलियाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला लागत होतं ते समोरच्या गाडीवरचं बोलणं. ती यानीकेके घ्यायला गेली की “घ्या, दोन्या,” आणि वर मोजून सुट्टे.

पुढे नुरीसला नात झाली. पोर मोठी झाली, मान धरायला लागली, चंद्र वाढता लागला. एर्सिलिया खिडकीतून बघायची, ती पोरीला कुठल्या दुकानात नेते ते. एका सकाळी नुरीस नातीला काखेत घेऊन दारात उभी राहिली.

एर्सिलियाने खुर्ची पुसली, पण कात्री उचलली नाही. “माझ्या हातात काही नाही. तू पाहिलंस.”

“पाहिलं. तुझ्यापेक्षा सालामीचा हात बरा.” नुरीस खुर्चीत बसली, पोरीला मांडीवर घेऊन तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “पण सालामीला कात्री धरता येत नाही. काप, कोमाद्रे.”