नसरीननं हातांनी पाहिलेली जाळी

मंडळी, दुपारी घडलेलं लगेच सांगावंसं वाटलं. छावणी भागात राहणारी माझी मैत्रीण नसरीन जन्मापासून अंध आहे. आज मी तिला शहरातल्या एका जुन्या मकबऱ्यात घेऊन गेले होते.

दगडी जाळीजवळ पोचताच तिनं हात पुढं केला, तसा पहारेकरी धावत आला. "ताई, हात नका लावू. हात लागून लागून नक्षी झिजते."

मला रागच आला. नसरीन मात्र म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. राहू दे, चल."

आता पहारेकऱ्याचाच पाय निघेना. तो आम्हाला मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथं दुरुस्ती चालू होती. फुटलेल्या जाळीच्या जागी बसवायची नवी जाळी कारागिरानं घडवून ठेवली होती. मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं कारागीर म्हणाला, "बाजी, हिला खुशाल हात लावा."

नसरीन कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिली. मग हसायलाच लागली. "अगं, मला वाटायचं जाळी म्हणजे नक्षी कोरलेली भिंत. ही तर निम्मी हवाच आहे की!"

जुना दगड जपायलाच हवा. पण प्रत्येक वास्तूत हात लावायला अशी एक प्रतिकृती ठेवता येणार नाही का? तुम्ही कुठं पाहिली असेल तर सांगा, नसरीनला तिथं जायचंय.