झील धरली नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. ज्याच्याबद्दल सांगायचंय त्याला सांगायची गरजच पडली नाही — तो समोरच उभा होता.

मी प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. घर बारामतीत, पण नोकरीची शेवटची वर्षं अंथुर्ण्याच्या बाजूला काढली. लोक मला लोककलेचा जाणकार म्हणतात. म्हणजे काय, तर धनगरी ओव्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि कुणी शाल-नारळ दिला तर नको नको म्हणत घ्यायचा. अक्षर मात्र माझं खरंच चांगलं आहे. त्याचं पुढं येईलच.

या ओव्या मला ज्यानं दिल्या तो म्हाकूआबा. त्याची वस्ती शाळेच्या मागंच होती. एके काळी घरात मेंढरं होती, ती गेली. पोरगा भिगवणला हायवेवरच्या एका मच्छीच्या हॉटेलात लागला, तर म्हातारा त्याच्याबरोबर जायला लागला. सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसभर पाण्यात हात घालून चिलापी मासे साफ करायचा. बोटं सगळी चिरलेली. आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर बसून ओव्या म्हणायचा — सलग चार वर्षं. मी काय दिलं त्याला? चहा. तोही बऱ्याचदा त्याच्याच घरचा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही ओवी एकट्यानं म्हणत नाहीत. पुढचा ओळ टाकतो, मागचे तिचा शेवट उचलतात आणि लांबवत नेतात. त्याला झील धरणं म्हणतात. झील आली नाही तर पुढच्यानं थांबायचं — पुढची ओळ टाकायचीच नाही. आबाची झील त्याचा भाऊ धरायचा. तो वारला. मग माझ्यासमोर म्हणताना झील मलाच धरावी लागायची, त्याशिवाय आबाला पुढं सरकताच यायचं नाही. "गुरुजी, वळ भुईवर पडू द्यायची न्हाय," असं पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं.

म्हाताऱ्या कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं, हे तुम्हाला माहीत असेल. अर्ज येतात, समिती बसते. समितीत कोण? ज्यांची सत्ता त्यांची माणसं, आणि शोभेला एखादा जाणकार. तर शोभेला मी होतो. हे पद काही चालत आलं नव्हतं. त्यासाठी मी अध्यक्षांच्या बंगल्यावर दोन-तीनदा ताटकळत बसलो होतो.

आबाला अर्ज करायला मीच लावलं. म्हटलं, मिळालं तर ते मासे सुटतील. त्याला मासे सुटण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप होतं — सरकार आपल्याला कलावंत म्हणणार, कागदावर. फॉर्म मी भरला. फक्त शिफारसपत्र राहिलं होतं, ते आबा परस्पर घेऊन आला. कुणाचं, तर नुकत्याच निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याचं! मी कपाळावर हात मारला. आबाचं म्हणणं साधं होतं. हा माणूस दर जत्रेला येऊन मांडी घालून ओव्या ऐकतो, मग आपल्या गाण्याबद्दल लिहून देणार ते यानंच की. यात चूक काय होती? काहीच नाही. पण चालतं का असं?

मुलाखतींच्या दिवशी गाडीत अध्यक्ष एवढंच म्हणाले, "अंथुर्ण्याकडचा एक अर्ज हाय, गुरुजी. पत्र त्या पार्टीचं हाय. बघा जरा." बास. दम नाही, हुकूम नाही. माझ्या ओव्यांच्या पुस्तकाला सरकारी अनुदान मिळावं म्हणून त्यांची शिफारस गेलेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगतो.

आबा आला. पांढरंधोट धोतर, नवा पटका, खांद्यावर घोंगडं. मला बघून हसला. अध्यक्षांनी विचारलं, गुरुजी, ओळखता का यांना? आणि मी म्हणालो, नाव ऐकून आहे.

नाव ऐकून आहे! त्याच्या घरची भाकरी खाल्लेला माणूस मी. आबाचं हसू तिथंच थांबलं.

मग त्याला एखादी ओवी म्हणायला सांगितलं. त्यानं कानावर हात ठेवला आणि ओळ टाकली. आवाज काय लागला होता! पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना. ओळ संपली आणि तो थांबला. माझ्याकडं बघायला लागला. मी समोरचा कागद वाचायला लागलो. त्यानं पुन्हा तीच ओळ टाकली, पुन्हा थांबला, पुन्हा बघितलं. शब्द माझ्या जिभेवर होते — तीन-चार शब्द, लहान पोरगं म्हणेल असे. मी झील धरली नाही, कागद उलटला.

अध्यक्ष म्हणाले, "इसारलं वाटतं. वय झालं."

आता तरी आबा बोलेल असं मला वाटलं. मास्तरला विचारा, असं एक वाक्य पुरेसं होतं. तो म्हणाला, "व्हय साहेब. इसारलो." सगळ्यांना हात जोडले — मलाही — आणि बाहेर गेला.

शेरा लिहायचं काम माझ्याकडं, अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिलं, सादरीकरण पूर्ण करू शकले नाहीत.

मला भीती कसली होती? अध्यक्ष काही मला खाणार नव्हते. साहेब, ही ओवी एकट्यानं म्हणत नाहीत, इतकंच सांगायचं होतं. त्या खोलीत हे माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि नेमकं त्यासाठीच मला तिथं बसवलं होतं.

बरं, तिथंच मिटलं असतं तर फक्त मानधनच गेलं असतं. पण गावातला दुसरा एक अर्जदार बाहेर बाकावर बसलेला. आबा साहेबांसमोर विसरला, ही बातमी आबाच्या आधी वस्तीवर पोचली. बिरोबाच्या जत्रेत चाळीस वर्षं पुढं उभा राहणारा तो. त्या वर्षी पंचांनी त्याच्या पुतण्याला पुढं केलं. "आबा, तुमी आता मागं ऱ्हावा. ध्येनात ऱ्हात न्हाय तुमच्या." मी पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलो होतो. ऐकलं मी ते. आबा मागं जाऊन उभा राहिला आणि पुतण्याची झील धरली. पुतण्या दोनदा चुकला, आबानं ते कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो भिगवणला गेला. अजून जातो.

पुस्तक निघालं. अनुदान मिळालं. प्रस्तावनेत आबाचं नाव लिहायला पेन उचललं तेव्हा लक्षात आलं — नाव ऐकून आहे म्हणालो होतो, आता दीडशे ओव्या याच्याकडून घेतल्या असं कसं लिहू? आणि ज्याला एक ओवी पुरी म्हणता आली नाही, असं मीच लिहून दिलंय, त्याच्याकडून? म्हणून लिहिलं, सर्व ज्ञात-अज्ञात ओवीकारांचा मी ऋणी आहे.

एक प्रत त्याला द्यायला हॉटेलवर गेलो. त्यानं हात धुतले, धोतराला पुसले, पुस्तक घेतलं. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, "माजं नाव कुठं हाय ह्यात?"

मी त्याचं बोट धरून प्रस्तावनेतल्या त्या ओळीवर ठेवलं. हितं, म्हणालो.

त्यानं बोट ओळीच्या शेवटापर्यंत नेलं आणि विचारलं, "येवढं लांब?"

मी हो म्हणालो.